३६६ डब्यांची सोडत : अमेरिकेतील सक्तीच्या लष्करभरतीची पार्श्वभूमी

व्हिएतनाम युद्धामुळे अमेरिकी नागरिकांचा सरकारवरचा विश्वास कसा ओसरला, हे सांगताना बहुतेक जण टोंकिनच्या आखातापासून सुरुवात करतात. त्यात चूक नाही. ऑगस्ट १९६४मध्ये तिथल्या अमेरिकी युद्धनौकांवर उत्तर व्हिएतनामने केलेल्या ज्या दुसऱ्या हल्ल्याचा दाखला देऊन संसदेकडून लष्करी कारवाईची मुभा घेतली, तो हल्ला झालाच नव्हता. ठरावाच्या बाजूने कनिष्ठ सभागृहात ४१६ मते पडली, विरोधात एकही नाही. वरिष्ठ सभागृहात ८८ विरुद्ध २. पण सरकारी शब्दावरचा अविश्वास घराघरात पोहोचला तो भरतीच्या पत्रातून. म्हणून भरतीचा क्रम ठरवणाऱ्या १ डिसेंबर १९६९च्या सोडतीकडे अधिक बारकाईने पाहायला हवे. ती सोडत विश्वास परत मिळवण्यासाठीच काढली होती.

सक्तीच्या भरतीतला पक्षपात जुनाच. यादवी युद्धात, १८६३च्या कायद्याने, ३०० डॉलर भरणाऱ्याला भरतीतून सुटता येई. त्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये दंगली पेटल्या. दोन्ही महायुद्धांत क्रम ठरवायला सोडत वापरली गेली. पुढे शीतयुद्धाच्या काळात सोडत मागे पडली आणि निर्णय चार हजारांहून अधिक स्थानिक मंडळांच्या हाती गेला. ही मंडळे बिनपगारी, गावातल्या वजनदार माणसांची. १९६६ साली त्यांच्या सदस्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण दीड टक्क्याहूनही कमी होते.

या मंडळांकडे वर्गवारीचे हत्यार होते. १-ए म्हणजे भरतीस उपलब्ध, ४-एफ म्हणजे अपात्र, २-एस म्हणजे महाविद्यालयीन विद्यार्थी, ज्याची भरती शिक्षण संपेपर्यंत पुढे ढकलली जाई. फी भरण्याची ऐपत असलेला मुलगा वर्गात बसे आणि शाळा सोडून कारखान्यात लागलेला मुलगा छावणीत जाई. शिवाय १-ए गटात वयाने मोठ्यांना आधी बोलावत. त्यामुळे एकोणिसाव्या वर्षापासून सव्विसाव्यापर्यंत टांगती तलवार राही. नोकरी देणाराही विचारात पडे. १९६६ या एका वर्षात सुमारे ३,८०,००० जणांना बोलावले गेले. पुढच्याच वर्षी अध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने सोडतीची शिफारस केली, तर संसदेने उलट सोडतीवर बंदी घालणारे कलम कायद्यात टाकले. ते कलम निघायला नोव्हेंबर १९६९ उजाडला. तोवर व्हिएतनाममधले अमेरिकी सैन्य पाच लाख चाळीस हजारांवर जाऊन घटू लागले होते.

सोडतीची रीत दिसायला सरळ होती. १९४४ ते १९५० दरम्यान जन्मलेल्या सगळ्या पुरुषांसाठी वर्षाचे ३६६ दिवस ३६६ चिठ्ठ्यांवर लिहून त्या निळ्या प्लास्टिकच्या डब्यांत भरल्या. जी तारीख आधी निघेल तिचा क्रमांक १. कॅमेऱ्यांसमोर पहिली डबी उघडली, ती १४ सप्टेंबरची. शेवटचा, ३६६वा क्रमांक ८ जूनला मिळाला. एकाच तारखेला जन्मलेल्यांचा आपसातला क्रम आडनावाच्या आद्याक्षराने ठरायचा, त्यासाठी अक्षरांची वेगळी सोडत काढली. एकोणिसाव्या वर्षाच्या मुलांना प्राधान्य आणि प्रत्येकाला जोखमीचे एकच वर्ष, हा खरा सुधार होता, आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

बिघाड झाला तो डब्या सोडतीच्या काचेच्या बरणीपर्यंत पोहोचण्याआधी. जानेवारीच्या ३१ डब्या एका लाकडी पेटीत ओतून पुठ्ठ्याने एका बाजूला सारल्या. मोकळ्या बाजूला फेब्रुवारीच्या २९ ओतल्या आणि दोन्ही एकत्र केल्या. मग मार्च, मग एप्रिल, असे करत डिसेंबर. परिणामी जानेवारी-फेब्रुवारीच्या डब्या अकरा वेळा मिसळल्या गेल्या, मार्चच्या दहा वेळा, डिसेंबरच्या फक्त एकदा. नंतर पेटी बंद करून काही वेळा हलवली, जिन्याने वर नेली आणि काचेच्या खोल बरणीत उलटी केली. बरणीत ढवळणे झालेच नाही. काढणारे हात बहुधा वरच्याच डब्यांवर पडत होते आणि वर्षअखेरच्या तारखा तिथेच साठल्या होत्या.

आकडे बोलके आहेत. मिसळण नीट झाली असती तर प्रत्येक महिन्याच्या क्रमांकांची सरासरी १८३.५च्या आसपास आली असती. जानेवारीची आली २०१.२, मार्चची २२५.८, नोव्हेंबरची १४८.७ आणि डिसेंबरची १२१.५. पहिल्या सहाही महिन्यांची सरासरी मध्याच्या वर, पुढच्या सहाही महिन्यांची खाली. त्या सोडतीतून अखेर १९५पर्यंतचे क्रमांक बोलावले गेले. डिसेंबरच्या ३१ तारखांपैकी साधारण १४ सुटायला हव्या होत्या. सुटल्या फक्त ५.

संख्याशास्त्रज्ञांनी हा कल लगेच दाखवून दिला, काही तरुण न्यायालयातही गेले, पण सोडत कायम राहिली. मुद्दाम कोणी काही केले नव्हते, हा बचाव खरा आहे. तरीही तो पुरेसा नाही. १९४०च्या सोडतीतही अपुऱ्या मिसळणीची अडचण दिसली होती. इशारा हाताशी होता. सरकारचा शब्द आधीच संशयात असताना साधी मिसळणही नीट होऊ नये, ही बेपर्वाई होती. आणि २-एस सवलत तशीच राहिल्याने सोडतीत नशिबाचा खेळ सगळ्यांसाठी सारखा नव्हताच. आपल्या क्रमांकापर्यंत बोलावणे येणार नाही हे पाहून मोठा क्रमांक मिळालेले विद्यार्थी १९७०च्या अखेरीस सवलत स्वतःहून सोडत, म्हणजे जोखमीचे वर्ष काही दिवसांत उरकून जाई. नियम वाचता येणाऱ्याला वाट सापडत होती.

जुलै १९७०च्या दुसऱ्या सोडतीत पद्धत बदलली. एका पिंपात तारखा, दुसऱ्यात १ ते ३६५ क्रमांक. डब्या भरण्याचा क्रमही यादृच्छिक याद्यांवरून ठरवला, पिंपे फिरवली आणि दोन्हींतून एकेक डबी काढून जोडी लावली. नव्या विद्यार्थ्यांची सवलत १९७१मध्ये बंद झाली. त्याच वर्षी घटनादुरुस्तीने मतदानाचे वय १८वर आले. याच वर्षीच्या जूनमध्ये युद्धाविषयीचा गुप्त सरकारी अभ्यास वृत्तपत्रांत छापून आला आणि सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो छापण्याचा हक्क मान्य केला. सक्तीची भरती १९७३च्या मध्यास संपली. नोव्हेंबरमध्ये संसदेने अध्यक्षांच्या युद्धाधिकारावर, सैन्य लढाईत उतरवल्यास ४८ तासांत कळवण्याचे आणि साधारण ६० दिवसांच्या मुदतीचे बंधन घातले, नकाराधिकार ओलांडून. सरकार बहुतेक वेळा योग्यच वागते असे मानणारे १९६४मध्ये ७७ टक्के होते, ते १९७४मध्ये ३६ टक्क्यांवर आले. यातला किती भाग भरतीचा आणि किती वॉटरगेटचा (अध्यक्ष निक्सन यांना पद सोडायला लावणाऱ्या प्रकरणाचा), हे वेगळे काढणे अवघड आहे.

संभाव्य भरतीसाठी तरुणांची नावनोंदणी १९७५मध्ये थांबली होती, ती १९८०मध्ये पुन्हा सुरू झाली आणि पुरुषांपुरतीच ठेवण्याला पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळाली. १८ ते २५ वयाच्या ग्रीन कार्डधारक मुलग्यांनाही ती लागू आहे, त्यामुळे तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचाही तिच्याशी संबंध येतो. विद्यार्थी किंवा एच-१बी व्हिसावर वैधपणे राहणाऱ्यांना ती लागू नाही. नोंदणी चुकली तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी प्रश्न उपस्थित होऊ शकतो. सध्याच्या आराखड्यानुसार भरती पुन्हा सुरू झालीच, तर सोडतीत आधी त्या वर्षी २० पूर्ण करणाऱ्यांचा क्रमांक लागेल, मग २१ ते २५ आणि अगदी शेवटी १९ व त्याखालील. तारखा आणि क्रमांकांसाठी पिंपे आजही दोन वेगवेगळीच ठरलेली आहेत.