बायोस्फिअर २ : ऑक्सिजन नेमका गेला कुठे?

बायोस्फिअर २ म्हणजे अमेरिकेतल्या ॲरिझोनातलं काचेचं प्रचंड बंदिस्त घर. बाहेरच्या जगापासून तुटून माणसं त्यात राहू शकतात का, हा तिथला प्रयोग. ‘त्या घरात झाडं मेली, ऑक्सिजन संपला आणि प्रयोग गुंडाळला’ ही गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. ती खरी नाही. १९९१ साली आत गेलेल्या आठही जणांनी ठरलेली दोन वर्षं पूर्ण केली. एकीला बोटावरच्या उपचारासाठी काही तास बाहेर यावं लागलं, इतकंच.

ऑक्सिजन मात्र खरोखरच सुमारे १४ टक्क्यांवर घसरला आणि बाहेरून सोडावा लागला. पण दोष झाडांचा नव्हता. सेंद्रिय खत भरपूर असलेल्या मातीतले सूक्ष्मजीव तो झपाट्याने वापरत होते. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड वापरून झाडांनी परत ऑक्सिजन सोडायचा, तर त्या कार्बन डायऑक्साइडमधला बराचसा आतल्या काँक्रीटनेच शोषला आणि त्याचं कॅल्शियम कार्बोनेट झालं. म्हणजे हरवलेला ऑक्सिजन काँक्रीटमध्ये अडकून पडला! ही उकल मला त्या प्रयोगाची सर्वांत मोलाची कमाई वाटते.

ती वास्तू ओसही पडलेली नाही. ॲरिझोना विद्यापीठाचं संशोधन तिथे चालतं आणि पर्यटकांना आत फिरता येतं. आत उभारलेलं वर्षावन, समुद्र पाहाच. पण ‘फुप्फुस’ चुकवू नका. दिवसा आतली हवा तापून फुगली की काचा तडकू नयेत म्हणून तिथला प्रचंड रबरी पडदा वर सरकायचा आणि रात्री खाली यायचा.