‘आमची ऋणे आम्हांला सोड’ : विदर्भातल्या खेड्यांत ख्रिस्ती प्रार्थना शिकण्यामागची पार्श्वभूमी

यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या खेड्यांत आज कोणी नव्यानं येशूकडे वळलं, तर त्याच्या प्रार्थनेची सुरुवात बहुतेक वेळा आजारपणातून होते. लेकरू तापानं फणफणलेलं असतं, नाहीतर घरधन्याची दारू सुटत नसते. शेजारीण म्हणते, शुक्रवारी उपास-प्रार्थनेला चाल. तिथं पहिल्याच दिवशी डोळे मिटून स्वतःच्या शब्दांत मागायला सांगतात. ‘बाप्पा, माह्या पोरीले बरं कर’ एवढं म्हटलं आणि शेवटी ‘येशूच्या नावानं मागतो, आमेन’ जोडलं, की झाली प्रार्थना. ‘प्रभूची प्रार्थना’, म्हणजे येशूनं स्वतः शिकवलेली ठरलेल्या शब्दांची प्रार्थना, मागाहून कधीतरी, महिन्या-दोन महिन्यांनी, कधी वर्षानं.

माझ्या आजीच्या काळी हे नेमकं उलटं होतं. आधी पाठांतर, मग बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा संस्कार), आणि आपल्या शब्दांत देवाशी बोलायची हिंमत सगळ्यांत शेवटी. काहींना ती जन्मभर झाली नाही. हा क्रम कसा उलटला, हे समजायला थोडं मागं जावं लागतं. खूप मागं नको.

‘आम्हांला प्रार्थना करायला शिकवा’ ही विनंती मुळात शिष्यांचीच, आणि तिच्या उत्तरात त्यांना मिळाली ती प्रभूची प्रार्थना. सुरुवातीच्या मंडळ्यांत ती दिवसातून तीनदा म्हणायची रीत होती. चौथ्या शतकापर्यंत मात्र ती नवख्याला लगेच शिकवत नसत. बाप्तिस्मा काही दिवसांवर आला की मगच ते शब्द उमेदवाराच्या हवाली करायचे. थोडक्यात, पाठाला बाप्तिस्म्याचं फाटक होतं. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढं कामी येते.

मराठीत मत्तयाचं शुभवर्तमान (येशूची कथा सांगणारं बायबलमधलं एक पुस्तक, प्रभूची प्रार्थना त्यातच आहे) छापून आलं १८०५ साली, बंगालमधल्या श्रीरामपुरात (नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, हा घोळ नेहमी होतो). आपल्याकडे मात्र खरी सुरुवात १८४५ ची. त्या वर्षी स्कॉटलंडचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपुरात येऊन राहिला. भोसल्यांचं राज्य अजून होतं. पुढच्या अठरा वर्षांत त्यानं शाळा काढली, आसपासचे दगडधोंडे आणि जीवाश्म गोळा केले, गोंडांच्या बोलीची टिपणं केली. १८६३ च्या पावसाळ्यात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून रात्री परतताना फुगलेल्या नाल्यात तो बुडाला. नागपुरातलं त्याच्या नावाचं कॉलेज सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या लोकांनी प्रार्थना कोणत्या वळणानं शिकवली, याकडे कोणी फारसं पाहत नाही, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं.

कारण स्कॉटलंडच्या त्या परंपरेत प्रभूच्या प्रार्थनेत ‘कर्ज’ म्हणतात. इंग्लंडच्या चर्चमध्ये ‘आगळीक’ म्हणतात. सोळाव्या शतकातल्या एका इंग्रजी भाषांतरातून हा दुसरा शब्द १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात शिरला आणि पक्का बसला. १६११ च्या राजमान्य इंग्रजी बायबलात मात्र ‘कर्ज’ आहे. नागपुरात १९०३ मध्ये अँग्लिकनांचं, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचं, बिशपपद आलं, तेव्हा एकाच शहरात, थोड्या अंतरावरच्या दोन चर्चांत, एकाच ओळीत दोन निराळे शब्द इंग्रजीतून म्हटले जात होते. कॅथलिक मंडळी कामठी-नागपुरात आधीपासून होतीच, त्यांच्या पाठात अपराधांची क्षमा.

मराठी बायबलनं मत्तयात ‘ऋण’ ठेवलं: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड.’ मूळ ग्रीकशी हे प्रामाणिक आहे. मत्तयात कर्जाचाच शब्द आहे, लूकनं त्याच जागी ‘पापे’ म्हटलं आहे. येशू जी अरामी बोली बोलत होता तिच्यात देणं आणि पाप या दोहोंना एकच शब्द चालतो, त्यामुळे त्याच्या ऐकणाऱ्यांना हा प्रश्न पडलाच नसेल.

मराठी कानाला तो पडतो, आणि चांगलाच टोचतो. एकतर आपल्याकडे ऋण ‘फेडतात’. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण, सगळी फेडायची. कोणी उपकार केले तर आपण ‘तुमच्या ऋणातच राहू’ असं गोड बोलतो, म्हणजे तिथं फेडण्याचीही घाई नाही. ‘ऋण सोड’ हा प्रयोग पुस्तकाबाहेर कोणी करत नाही. माफ होतं ते कर्ज. आणि कर्ज म्हटलं की विदर्भातल्या माणसाला देव आठवत नाही. सोसायटीचा सचिव, कृषी केंद्रवाला आणि सवाई-दिढीनं देणारा सावकार आठवतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गावाजवळच्या एका घरी, टिनाच्या छपराखाली, बारा-पंधरा बायाबापड्या चटईवर बसल्या होत्या. मुलीच्या दुखण्यापायी नव्यानं यायला लागलेल्या एका बाईला घरच्या काकू एकेक ओळ सांगत होत्या, ती मागून म्हणत होती. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ तिनं झटक्यात म्हटलं, ‘आम्हांला’चं ‘आमाले’ करून. पुढची ओळ आली आणि ती थांबली.

“काकू, हे सोसायटीचं कर्ज व्हय काय?”

काकू हसल्या नाहीत. त्यांच्या सातबाऱ्यावरही बोजा होताच.

अशा वेळी पाळक (ख्रिस्ती धर्मगुरू) मंडळी दोन वाटा काढत आली आहेत. एक, ‘ऋण म्हणजे पाप, बाई, पैशाचं काही नाही’ असं सांगून मोकळं व्हायचं. दुसरी, थेट ‘अपराध’च शिकवायचा. दोन्हींत सोय आहे, पण ओळीचा अर्धा भाग हातचा जातो. अपराध म्हटलं की माणूस मनातल्या मनात क्षमा करून टाकतो, कोणाला पत्ताही लागत नाही. ऋण म्हटलं की विचारावं लागतं: माझं कोणाकडे काय येणं आहे, आणि मी ते सोडलंय का? ओळीचा क्रमच तसा आहे, ‘आम्ही सोडले आहे’ आधी, ‘तू सोड’ नंतर. माझं मत विचाराल तर ‘ऋण’ अवघड असलं तरी तेच राहावं. हे मी कापसाच्या मुलखातल्या घरातला माणूस म्हणून बोलतोय, तेवढा कल धरून चालावा.

२००६ मध्ये पश्चिम विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज आलं, २००८ मध्ये देशभरची कर्जमाफी. तेव्हापासून ही ओळ अजूनच निराळी ऐकू यायला लागली. २००८ च्या योजनेत पूर्ण माफी होती दोन हेक्टर, म्हणजे पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला. वर असेल त्याला बाकी भरल्यावर २५ टक्के सूट. आपल्याकडच्या कोरडवाहू रानात आठ-दहा एकरवालाही कंगालच, पण तो अटीबाहेर गेला. त्या साली एका पाळकानं उपदेशात सांगितलं होतं, की वरच्या माफीला पाच एकरांची अट नाही. लोक हसले, पण ती ओळ लक्षात राहिली. पुढं २०१७ आणि २०१९ च्या माफ्या आल्या, ऑनलाइन अर्ज आले, याद्या आल्या. नवीन माणसाला ‘ऋण सोड’ समजावताना या याद्यांचा उल्लेख केल्याशिवाय आता पुढं जाताच येत नाही.

त्याच प्रार्थनेतल्या ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस’ला शाळकरी पोरं दहावीच्या मार्चमध्ये मोठ्यानं आमेन म्हणतात, ते वेगळंच.

पुन्हा क्रमाकडे येऊ. मिशनच्या काळात प्रार्थना शाळेतून आणि अनाथालयातून शिकली जाई. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडात अमेरिकन मिशनऱ्यांनी अकोला, खामगावकडे पोरकी मुलं सांभाळली. त्या मुलांची सकाळ-संध्याकाळ घंटेवर बांधलेली. जेवणाआधी, झोपण्याआधी ठरलेले शब्द. गावांत बायबलवाल्या बाया दारोदार फिरून ओळी पाठ करून घेत. बाप्तिस्मा मागणाऱ्याला दहा आज्ञा, प्रेषितांचा विश्वासांगीकार (ख्रिस्ती श्रद्धेचं थोडक्यात निवेदन) आणि प्रभूची प्रार्थना म्हणून दाखवावी लागे. माझी आजी त्याच वळणाची. वेचणीला गेली की ओटीत कापूस भरता भरता पुटपुटत राहायची. एक तास भरला हे तिला किती वेळा पाठ म्हणून झाला त्यावरून कळायचं. तिला वाचता येत नव्हतं. शब्द मात्र एकही मागेपुढे नाही.

गंमत अशी, की १९०५ साली सरकारी भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा खंड निघाला, त्यात वऱ्हाडी आणि नागपुरी बोलीचे नमुने म्हणून येशूचीच एक गोष्ट, उधळ्या मुलाची, बोलीत उतरवून छापली होती. बोलीचा नमुना नोंदवायला येशू वऱ्हाडीत चालला. प्रार्थना शिकवताना मात्र पुस्तकीच मराठी. आजीच्या तोंडी ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ इतकं स्वच्छ यायचं, आणि त्याच दमात ती मला ‘काहून रे उभा?’ विचारायची.

देवाला ‘तू’ म्हणण्याची अडचण मात्र इथं कोणालाच आली नाही. घरात बापाला ‘तुम्ही’ म्हणणारी पोरंही ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणून पुढं बिनधास्त ‘तुझे राज्य येवो’ म्हणतात. विठोबाला ‘तू’ म्हणायची सवय वारीनं आधीच लावून ठेवली होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत ज्या कवीच्या हाती नवा करार पडला आणि १८९५ मध्ये मुंबईत ज्याचा बाप्तिस्मा झाला, त्या ना. वा. टिळकानं तर तुकोबाच्या वाटेनंच येशूपाशी आल्याचं सांगितलं. त्याची अभंग-भजनं पेटी-टाळांवर गाऊनच अनेकांनी प्रार्थनेचे पहिले शब्द उचलले. एकत्र बसून डोळे मिटण्याचीही सवय होती. तुकडोजी महाराजांच्या मोझरीच्या आश्रमातून निघालेली सामुदायिक प्रार्थना गावोगाव रुजली होती, तिथून आलेल्या माणसाला शिस्त नव्यानं शिकवावी लागत नाही.

फाटक मोडलं ते १९५० नंतर. त्या वर्षीच्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. म्हणजे बाप्तिस्म्याची नोंद झाली की सवलत जायची. त्यातच १९५४ ते ५६ या काळात मिशनऱ्यांच्या कामाची सरकारी चौकशी झाली. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर, आणि अहवालात परकीय मिशनऱ्यांवर कडक शिफारशी. तो अहवाल न्याय्य की पूर्वग्रहाचा, यावर आजही हमरीतुमरी होते. १९५६ च्याच ऑक्टोबरात नागपुरात लाखोंनी बौद्ध धम्म घेतला, आणि गावातली धर्मांतराची चर्चाच पालटली.

या सगळ्यात एक गोष्ट गुपचूप घडली. लोक येत राहिले, पण बाप्तिस्मा पुढं ढकलायला लागले. असे लोक स्वतःला ‘ख्रिश्चन’ न म्हणता ‘विश्वासी’ म्हणतात. बाप्तिस्माच लांबला, तर त्याच्याआधीचं पाठांतर कोण घेणार? फाटक गेलं आणि पाठही सैल झाला. मोठ्या चर्चांचं लक्ष तेव्हा दुसरीकडे होतं. नागपुरातच २९ नोव्हेंबर १९७० ला उत्तर भारतातली सहा चर्च-मंडळं एक झाली, पण त्याआधीची चाळीस वर्षं वाटाघाटी अडल्या होत्या त्या बिशप असावेत का आणि बाप्तिस्मा लहान मुलाला की समजत्या माणसाला, यावर. खेड्यातल्या नवख्यानं पहिले शब्द कोणते म्हणावेत, हा कोणाच्याच विषयपत्रिकेवरचा प्रश्न नव्हता. यवतमाळला १९५३ पासून चाललेलं पाळकांचं शिक्षणही १९८३ मध्ये पुण्याला हललं. या निर्णयाचं समर्थन करणारे भेटतात, पुण्यात भेटतात.

मग जागा घेतली घरगुती संगतींनी. पाळक बहुतेक गावातलाच, कधीकाळी स्वतः बरा झालेला. त्याच्याकडे छापील पुस्तक नाही, साक्ष आहे. आधी कॅसेट होत्या, आता मोबाइलवर रात्रभर प्रार्थना चालतात, हालेलूयाचा गजर चालतो, वऱ्हाडीतला नवा करारही मोबाइलवर वाचायला मिळतो. यात नवखा माणूस पहिल्या दिवशी बोलता होतो, ही मोठी कमाई आहे. पण मागणीची यादी संपल्यावर काय म्हणायचं, हे त्याला सुचत नाही. तिथंच काकूंसारख्या जुन्या बाया आपलं पाठांतर बाहेर काढतात.

टिनाच्या छपराखालच्या त्या बाईनं शेवटी आपली सोय आपणच लावली. ऋण तिच्या जिभेवर बसेना, तिनं ‘देणं’ केलं: ‘आमचं देणं सोड.’ काकूंनी हरकत घेतली नाही. ‘आम्ही सोडलं’पाशी मात्र ती पुढचे तीन शुक्रवार गप्प बसली. भावजयीकडे तिच्या दोन पायल्या ज्वारी येणं होती, दिवाळीपासून. चौथ्या शुक्रवारी तिनं ती ओळ म्हटली, पण इतकी हळू, की शेजारी बसलेल्या काकूंनाच ऐकू गेली. ज्वारीचं काय झालं, ते काकूंनी मला सांगितलं नाही.