विमान तयार, इंजिनाचा पत्ता नाही: हाइंकेल २८० ची गोष्ट

२७ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनीत ‘हाइंकेल १७८’ उडालं. टर्बोजेट इंजिनावर, म्हणजे हवा दाबून, तीत इंधन जाळून तापलेला वायू मागे फेकणाऱ्या इंजिनावर उडालेलं हे जगातलं पहिलं विमान. ते बनवणाऱ्या कंपनीचे मालक एर्न्स्ट हाइंकेल तेवढ्यावर थांबले नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी दोन जेट इंजिनांचं लढाऊ विमान हाती घेतलं, ‘हाइंकेल २८०’.

विमानाचा सांगाडा लवकर तयार झाला. पंखांखाली एकेक इंजिन, शेपटीवर दोन उभे पडदे, नाकाखाली चाक. इंजिनं मात्र तयार नव्हती! मग सप्टेंबर १९४० मध्ये दुसऱ्या विमानाने ते ओढत वर नेलं, सोडून दिलं आणि ग्लायडरसारखं उतरवून तपासलं.

घोडं अडलं होतं इंजिनाच्या जाडीपाशी. हाइंकेल यांचे इंजिन-अभियंते हान्स फॉन ओहाइन यांच्या इंजिनात वेगाने फिरणारं एक चाक हवा कडेला भिरकावतं आणि त्यातून हवेचा दाब वाढतो. दाब वाढवायचा तर चाक मोठं लागतं. पहिल्या विमानात इंजिन पोटात होतं, तिथे ते खपून गेलं. पंखाखाली जाडजूड इंजिन टांगलं, तर समोरची हवाच वेग खाते. म्हणून ते आवळून लहान केलं, आणि ७०० किलोच्या अपेक्षेला जोर मिळाला सुमारे ५०० किलोचा. १९४१ च्या वसंतात पहिलं जेट उड्डाण झालं, तेही इंजिनांवरची आवरणं काढून, कारण गळणारं इंधन आत साचून पेट घेण्याची भीती होती.

या विमानाचं खरं मोठेपण मला त्याच्या खुर्चीत दिसतं. अशा वेगात वैमानिकाला हाताच्या बळावर बाहेर पडणं जवळपास अशक्य. म्हणून दाबलेल्या हवेने खुर्चीच बाहेर फेकण्याची सोय केली होती. १३ जानेवारी १९४२ रोजी हेल्मुट शेंक दुसऱ्याच प्रकारच्या इंजिनांच्या चाचणीसाठी हे विमान घेऊन निघाले. याही वेळी ते ओढतच वर नेलं होतं, आणि ओढून नेणारी दोरी बर्फामुळे सुटेना. त्यांनी कॉकपिटचं झाकण उडवलं, खुर्ची डागली आणि पॅराशूटने सुखरूप उतरले. खऱ्या संकटात अशा खुर्चीने जीव वाचल्याची ही जगातली पहिली घटना.

मार्च १९४३ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. त्याचं प्रतिस्पर्धी जर्मन जेट लढाऊ विमान मेसरश्मिट २६२ जास्त इंधन वाहून लांब जाऊ शकत होतं आणि त्याला युंकर्स कंपनीची लांबट, निमुळती इंजिनं पेलत होती. त्यांत पात्यांच्या ओळींमागून ओळी हवा सरळ मागे दाबत नेत, त्यामुळे जाडी कमी राहून जोर वाढे. हाइंकेल २८० ला तीच इंजिनं लावून पाहिली, पण एवढ्याशा विमानाला ती जड झाली. युद्धात उतरलेल्या मेसरश्मिटमध्ये मात्र ती खुर्ची नव्हती. त्याच्या वैमानिकांना पट्टे सोडून, झाकण उडवून स्वतःच बाहेर पडावं लागे.