बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयातला छायाचित्रसंग्रह : पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे सार्वजनिक ग्रंथालय बातम्यांत येते ते बहुतेक वेळा पैशांच्या चणचणीमुळे. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या नगर परिषदेने कलम ११४ची नोटीस काढून अत्यावश्यक सोडून बाकी नवा खर्च थांबवला, तेव्हाही तेच झाले. पण ग्रंथालयातल्या जुन्या दप्तराचे आणि छायाचित्रांचे दुखणे त्याच्या कितीतरी आधीचे आहे.

ग्रंथालयाचा संदर्भ विभाग १८६६ साली सुरू झाला. ११ जानेवारी १८७९ रोजी, विस्ताराचे काम चालू असताना, आग लागली. संदर्भ विभागातल्या सुमारे ५०,००० पुस्तकांपैकी जेमतेम हजारभर वाचली. वॉरिकशरच्या इतिहासाचा स्टॉन्टन संग्रह चारच वर्षांपूर्वी विकत घेतलेला होता. त्यातली हस्तलिखिते एकमेव, म्हणून ती कायमचीच गेली. १८८२मध्ये ग्रंथालय पुन्हा उघडले.

१८९०च्या सुमारास जेरोम हॅरिसन यांच्या कल्पनेतून वॉरिकशरची छायाचित्र-पाहणी सुरू झाली. हौशी छायाचित्रकारांनी गावोगावची चर्चे, घरे, गल्ल्या टिपायच्या आणि प्रिंट ग्रंथालयात जमा करायच्या. या कामातले मोठे नाव बेंजामिन स्टोन. हे १८९५ ते १९१० खासदार होते आणि पार्लमेंटच्या नदीकाठच्या मोकळ्या ओट्यावर सहकाऱ्यांना उभे करून त्यांचे फोटो काढत. त्यांचा भर प्लॅटिनम प्रिंटवर होता, कारण चांदीच्या प्रिंटमधला हायपो (चित्र पक्के करण्याचे रसायन) नीट धुतला गेला नाही तर प्रिंट पिवळी पडून फिकटते. १९१४मध्ये ते वारले. त्यांची सुमारे २२,००० छायाचित्रे पुढे या ग्रंथालयात आली. बोल्टन आणि वॅट यांच्या वाफेच्या इंजिनांच्या कारखान्याचे दप्तर त्याआधीच, १९११मध्ये, देणगी म्हणून मिळाले होते.

असा संग्रह सांभाळणे म्हणजे आधी वजन सांभाळणे. साडेसहा बाय साडेआठ इंचांची, दीड मिलिमीटर जाडीची एक काच, म्हणजे काचेवरची निगेटिव्ह, भरते सुमारे १३० ग्रॅम; हजार काचांचे १३० किलो. त्या आडव्या रचल्या की खालच्या तडकतात, म्हणून लांब कडेवर उभ्या ठेवायच्या, प्रत्येक काच चारी बाजूंनी दुमडून मिटणाऱ्या आम्लमुक्त कागदी पाकिटात. पाकिटावर नाव-क्रमांक पेन्सिलीने, आणि तोही काच आत घालण्यापूर्वी. नंतर लिहिले तर दाब थेट काचेवर येतो. हवा दमट राहिली तर चित्र धरून ठेवणाऱ्या जिलेटिनच्या थरावर बुरशी धरते, फार कोरडी झाली तर थराचे पोपडे सुटतात. जुने पाकीट आम्लधर्मी म्हणून फेकायची घाई मात्र महागात पडते: जागा, तारीख, माणसाचे नाव बहुधा त्यावरच असते.

३ सप्टेंबर २०१३ रोजी मलाला युसूफझाईच्या हस्ते नवी इमारत उघडली. खर्च सुमारे १८.९ कोटी पौंड. दप्तरासाठी तापमान आणि आर्द्रता नियंत्रित कोठारे मिळाली. ही सोय खरोखर चांगली. पण सव्वा वर्षातच कपातीची घोषणा झाली: ग्रंथालय उघडे राहण्याचे आठवड्याचे ७३ तास ४०वर, १८८पैकी शंभरेक नोकऱ्या धोक्यात. छायाचित्र विभाग वर्षानुवर्षे उभा करणारे पीट जेम्स यांनाही २०१५मध्ये जावे लागले.

कोठारातले यंत्र हवा सांभाळते, सूची करत नाही. एकेका काचेची नोंद म्हणजे पाकिटावरचा मजकूर उतरवणे, जुन्या नोंदवहीशी ताडणे, जागा नकाशावर ओळखणे, मग स्कॅन. हे जाणत्या माणसाचे काम. ते अडले की पेटी सुरक्षित राहूनही वाचकाच्या हाती येत नाही, कारण मागणीपत्रावर लिहायला तिला क्रमांकच नसतो.