कचऱ्यावर वाढलेलं रान: महाराष्ट्र निसर्ग उद्यानाची पार्श्वभूमी

मिठी नदीच्या दक्षिण काठाला, शीव-वांद्रे जोडरस्त्यालगत ३७ एकरांवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान पसरलं आहे. एका अंगाला धारावी, नदीपल्याड वांद्रे-कुर्ला संकुल. आत शिरलं की जुनं, राखलेलं जंगल असावं असं वाटतं, पण ही झाडं मुंबईच्या कचऱ्यावर उभी आहेत. इथली बहुतेक दुखणी त्या कचऱ्यातूनच येतात.

जुनी मुंबई माहीम आणि शीवपाशी संपायची. पलीकडे खाडी, चिखल आणि तिवरांची झाडी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शीवचा बांध झाला, १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला आणि भरती-ओहोटीचं पाणी आखडलं. गाळ साचत गेला. शहराला नको असलेली प्रत्येक गोष्ट मग या वेशीवर येऊ लागली: चामड्याचे कारखाने आले, पुढे कचराही. धारावीचं हे डम्पिंग सत्तरच्या दशकापर्यंत चालू होतं.

ते बंद झाल्यावर इथे झाडं लावण्याची कल्पना वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतीय शाखेने मांडली. १९८३ मध्ये डॉ. सलीम अली यांच्या उपस्थितीत लागवडीला सुरुवात झाली आणि २२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनी, उद्यान लोकांसाठी खुलं झालं. मधली अकरा वर्षं कशात गेली, हे जमिनीखाली काय चालतं ते पाहिल्याशिवाय कळत नाही.

दबलेला ओला कचरा हवेविना कुजतो. त्यातून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड जवळपास निम्मेनिम्मे निघतात, मातीतला प्राणवायू हुसकावला जातो आणि मुळं गुदमरतात. रोप पहिल्या पावसात छान फुटतं. मुळं कचऱ्याच्या थराला टेकली की शेंड्याकडून वाळू लागतं. पाणी कमी पडलं असं समजून माणसं आणखी पाणी घालतात. त्याने मातीत उरलीसुरली हवाही जाते.

म्हणून अशा जागी आधी चांगल्या मातीचा जाड थर द्यावा लागतो. खड्डा खणताना प्लॅस्टिक लागलं किंवा वास आला, तर जागा बदललेली बरी. सुरुवातीला करंजासारखी, खारी आणि निकस जमीन सोसणारी झाडं लावतात. पाचोळ्याने माती सुधारली की बाकीची. कचरा वर्षानुवर्षं आणि असमान खचतो, त्यामुळे पायवाटा मोडतात. मुळं उथळ राहिलेली मोठी झाडं जूनच्या पहिल्या वादळात आडवी होतात, ती वेगळीच डोकेदुखी.

पाण्याचं गणितही उलटंच. मुंबईत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने झाडं जगवायची कशी? खालचं पाणी खारं किंवा दूषित. त्यामुळे उद्यानात पावसाचं पाणी तळ्यात साठवण्याची सोय केली. अशा तळ्याला तळाशी पक्कं अस्तर हवंच. ते फाटलं तर पाणी कचऱ्यातून झिरपतं आणि काळं होऊन खाडीत उतरतं, म्हणजे नुकसान दुहेरी.

खाडीच्या बाजूला तिवरं आहेत. त्यांची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात आणि त्यांवरच्या बारीक छिद्रांतून हवा घेतात. भरतीबरोबर आलेल्या पिशव्या या मुळांना गुंडाळल्या जातात, वर गाळ बसतो आणि झाड श्वासाला मुकतं. ओहोटीला सफाई करताना पिशवी ओढली तर मूळही तुटून येतं. ती कापून सोडवावी लागते, आणि तेवढा धीर धरणारे हात फारसे मिळत नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी शहरात घुसली, तेव्हा कुठे या काठाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीला आणि त्यांवर भराव टाकायला मनाई केली. वरच्या अंगाने वाहून येणारा कचरा मात्र त्या आदेशाने थांबला नाही. तो नाल्यांच्या तोंडाशीच अडवायला हवा.