हवानातल्या जुन्या गाड्या खरंच ओरिजिनल आहेत का?

क्युबाचा विषय निघाला की कोणीतरी सांगतंच, हवानात १९५० च्या दशकातल्या अमेरिकन गाड्या अजून जशाच्या तशा, एकदम ओरिजिनल पळतात. नाही हो. बॉडी खरी असते, पण बॉनेट उघडलं की बऱ्याचदा आत भलतंच इंजिन निघतं, कुठे 'लाडा' या रशियन गाडीचं तर कुठे दुसऱ्याच गाडीचं डिझेल, कारण अमेरिकेने १९६० मध्ये निर्यातबंदी सुरू केली, १९६२ ला व्यापारच बंद केला, मग स्पेअर पार्ट येणार कुठून, तिथल्या मेकॅनिक लोकांनी मिळेल ते बसवून आणि नसेल ते हाताने घडवून साठ वर्षं या गाड्या चालू ठेवल्यात. मला तर हे ओरिजिनलपेक्षा भारी वाटतं.

आणि सगळ्या काही टुरिस्टसाठी सजवलेल्या नाहीत. चकाचक गुलाबी ओपन गाड्या मालेकोनवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर फेरी मारतात, पण खटारा दिसणाऱ्या 'आल्मेंद्रोन' ठरलेल्या रूटवर आपल्या शेअर रिक्षासारख्या धावतात, लोक त्यातून कामाला जातात. गेलात तर त्यात नक्की बसा, फक्त दार हळू लावा.