फोन मोजतो की फोनवाला सांगतो?

‘लाखो स्मार्टफोन भूकंप टिपतात’ या वाक्यात दोन निराळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. एकीत फोन मोजतो, दुसरीत फोनवाला सांगतो.

पहिलीची उदाहरणं म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या भूकंपशास्त्रज्ञांचं ‘मायशेक’ (२०१६) आणि २०२० साली थेट अँड्रॉइडमध्ये आलेली भूकंप-इशारा यंत्रणा. फोन आडवा केला की स्क्रीन फिरवणारा अ‍ॅक्सिलरोमीटरच इथे जमिनीचं हलणं पकडतो. एकट्या फोनवर मात्र कुणी विसंबत नाही. तो हातातून पडू शकतो, शेजारून ट्रक जाऊ शकतो. एका परिसरातले बरेच फोन जवळजवळ एकाच वेळी हलले, तरच सर्व्हर भूकंपाची शक्यता धरतो. खिशात हिंडणाऱ्या फोनपेक्षा रात्री टेबलावर चार्जिंगला लावलेला फोन इथे कितीतरी कामाचा.

सांगण्याची पद्धत जुनी. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची ‘डिड यू फील इट?’ ही प्रश्नावली स्मार्टफोनच्याही आधीची. भांडी वाजली का, भिंतीला तडे गेले का, अशा उत्तरांतून त्या ठिकाणची तीव्रता ठरते. ही माहिती कच्ची, असं मी म्हणणार नाही. भिंतीचे तडे फोनच्या सेन्सरला दिसत नाहीत.

खरा घोळ होतो तो ‘लास्टक्वेक’पाशी. युरोपीय-भूमध्य भूकंपशास्त्र केंद्राचं हे अ‍ॅप. हादरा बसताच लोक काय झालं ते पाहायला अ‍ॅप उघडतात. एकाच भागातून अशी झुंबड उडाली की केंद्राला भूकंपाचा सुगावा लागतो. सेन्सरने काही मोजलेलं नाही, माणसानेही अजून काही सांगितलेलं नाही. तरी मी हे दुसऱ्या बाजूलाच घालीन, कारण हादरा जाणवतो माणसाला.

दोन्हींच्या चुकाही वेगळ्या. मोजणाऱ्या फोनची चूक कशी असते, ते कळायला भूकंप बाजूला ठेवून फोनमधल्या बॅरोमीटरचंच, म्हणजे हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचंच बघा. तिसऱ्या मजल्यावर तो तळमजल्यापेक्षा साधारण १ हेक्टोपास्कल कमी दाब दाखवतो. बहुतेक फोन वरच्या मजल्यांवर असतील, तर हजारोंची सरासरी काढूनही हा फरक जात नाही. त्यापेक्षा जागचा न हललेल्या एकेका फोनमधला दाबाचा चढउतार पाहिलेला बरा. माणसांची चूक जास्त फसवी. जिथे सर्वाधिक पडझड, तिथे फॉर्म भरायला कुणाला सवड नसते, नेटवर्कही नसतं. मग नकाशावर नोंदींचं कडं उमटतं आणि मध्ये पोकळी राहते. ‘इथे काही झालं नाही’ असा तिचा अर्थ लावला, तर मदतीच्या गाड्या भलतीकडेच जातील.